चव घेतली कुणी? रसग्रहण नावाच्या प्रश्नाविषयी

रहाटणीत बोलायचं म्हणजे मला घरून चालत येता येतं, त्यामुळे आज उशीर झाला त्याला सबब नाही. सुरुवात करू या.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी एफ. वाय. बी. ए.ला आहे. गेल्या महिन्यात ती वही घेऊन आली. "आजोबा, उद्या सबमिशन आहे. एवढं रसग्रहण बघता का?" मी चष्मा लावला. अक्षर सुरेख. मजकूर असा होता, की कवीने समाजातील दाहक वास्तव प्रभावी शब्दांत मांडले आहे, भाषा साधी, सोपी व ओघवती आहे, आणि कविता वाचकाच्या मनाला अंतर्मुख करते. मी वरचं शीर्षक तळहातानं झाकलं आणि तिला विचारलं, "आता समज, तुला माहीतच नाही ही कुठली कविता. नुसतं खालचं वाचून ओळखता येईल?" ती हसली. मग तिनंच मागचं पान उलटलं. तिथं दुसऱ्या कवितेचं रसग्रहण होतं आणि त्यातही भाषा साधी, सोपी व ओघवतीच होती.

मुलगी हुशार आहे, आळशी तर मुळीच नाही. तिनं तेच लिहिलं जे लिहायला आपण तिला शिकवलं. म्हणून आजची टीका तिच्यावर नाही. ती रसग्रहण नावाच्या आपल्या पद्धतीवर आहे, आणि त्या पद्धतीत ज्यांनी हात काळे केले त्यांच्यावर आहे. त्यात मी येतो. कसा, ते पुढे सांगतो.

दहावीला मराठी शिकलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, रसग्रहण कसं लिहायचं? तो घडाघडा तीन मुद्दे सांगेल. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. तीन मुद्दे, तीन परिच्छेद. मुद्दे वाईट नाहीत हो. कवितेत काय आहे, ते कसं आलंय, कुठल्या भाषेत आलंय, हे विचारायलाच हवं. पण हे तीन प्रश्न होते, त्यांचे आपण तीन डबे केले. प्रश्नाला उत्तर शोधावं लागतं, डबा नुसता भरावा लागतो. मुलं अकरावी-बारावी करून कॉलेजात येतात तेव्हा हे डबे सोबत घेऊन येतात, आणि कॉलेजात आपण त्यांना जरा मोठ्या आकाराचे डबे देतो.

शब्द काय आहे बघा. रस-ग्रहण. रस म्हणजे ज्याची चव घेतली जाते ते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दाखला दिलाय तोही जेवणाचाच. आता चवीचं एक वैशिष्ट्य असं की ती दुसऱ्याच्या जिभेनं घेता येत नाही. आमटी कशी झालीय हे शेजाऱ्याला विचारून तुम्ही सांगू शकता, पण ती चव तुमची नव्हे, तो निरोप झाला.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून माझ्या विषयातली भाषा वापरतो. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन, भरवशाच्या माणसानं सांगितलेलं. शब्दप्रमाणाला मी कमी लेखत नाही. आपल्याला जे ठाऊक असतं त्यातलं बहुतेक असंच आलेलं असतं. पण समोरच्या टेबलावर आंबा ठेवलाय आणि तो गोड आहे की आंबट हे आपण पुस्तकात बघून सांगतोय, असं कुणी केलं तर आपण त्याला हसू. कवितेच्या बाबतीत आपल्या वर्गांमधून रोज हेच चालतं. कविता समोर आहे. बारा-पंधरा ओळींची आहे. दोनदा वाचायला चार मिनिटं लागतात. तरी मुलगा ती बाजूला सारून गाईड उघडतो, आणि आता तर गाईडचीही गरज नाही, मोबाईलला सांगितलं की तीनही डबे भरून मिळतात. साधन बदललं, पद्धत तीच राहिली. जिथं प्रत्यक्ष शक्य आहे तिथं आपण शब्दप्रमाणावर काम भागवतो.

आता नुसतं तत्त्व सांगत बसलो तर तुम्ही घड्याळ बघाल. एक कविता घेऊ.

नारायण सुर्व्यांची 'तुमचंच नाव लिवा'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती ऐकली असेल, काहींनी खुद्द सुर्व्यांच्या तोंडून. ओळी मी म्हणून दाखवत नाही, प्रसंग तेवढा सांगतो. देहविक्रय करून जगणारी एक बाई आपल्या पोराला शाळेत घालायला आलीय. रजिस्टरात बापाचं नाव लागतं. ती मास्तरांना म्हणते, तुमचंच नाव लिहा.

गाईडच्या पद्धतीनं यावर काय लिहिलं जाईल? कवीने उपेक्षित स्त्रीचे दुःख मांडले आहे, ग्रामीण बोलीचा प्रभावी वापर केला आहे. खोटं नाही. पण तळहात ठेवून बघा, शंभर कवितांना लागू पडेल.

दुसरी एक पद्धत आहे, जरा बरी वाटणारी, चरित्राची. सुर्वे स्वतः टाकून दिलेलं मूल होते. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं त्यांना वाढवलं, स्वतःचं नाव दिलं. पुढे सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते आणि नंतर शिक्षक झाले. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह आला, १९९५ साली ते परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे बघा, ज्याला बापाचं नाव नव्हतं ते मूलही हाच माणूस आणि शाळेतला मास्तरही हाच माणूस. टेबलाच्या दोन्ही बाजूंना तो राहून आलाय. ही माहिती मोलाची आहे. पण मुलगा तेवढंच लिहून थांबला, तर त्यानं कवीविषयी वाचलं, कविता वाचायची राहिलीच.

मग कविता वाचायची म्हणजे काय करायचं? मी मुलांना एक साधा खेळ सांगायचो. एक अक्षर काढून टाका आणि काय होतं ते बघा. 'तुमचंच' मधला दुसरा 'च' काढा. 'तुमचं नाव लिवा.' आता हे कसं ऐकू येतं? जणू मास्तर आपलं नाव लिहायला विसरले आणि बाई आठवण करून देतेय. सरळ, सपाट. आता 'च' परत लावा. या एका अक्षरात तिनं सगळ्या गावातून एकच माणूस निवडला. चिडली आहे का? थोडी असेल. थट्टा आहे का? तीही असेल. आणि विश्वास? तोही आहे, कारण शिकला-सवरलेला, चार लोकांत मान असलेला असा हाच एक माणूस तिच्यासमोर बसलाय. हे तीनही सूर त्या 'च'मध्ये एकत्र आहेत. त्यातला कुठला वरचा लावायचा, हे तुम्ही कविता मोठ्यानं म्हणाल तेव्हा तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल. हे ठरवणं म्हणजे रसग्रहण. ते गाईडला तुमच्या वतीनं करता येत नाही.

आता माझी गोष्ट.

या पट्ट्यातल्याच एका कॉलेजात मी होतो. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवायचो. मराठीचे सहकारी दीर्घ रजेवर गेले आणि दोन सत्रं लेखनकौशल्याचा पेपर माझ्या गळ्यात आला. त्यात साहित्यकृती वाचून त्यावर लिहा, असा भाग होता. ही कविता आम्ही वर्गात वाचली आणि चाचणीला विचारली. वर्गात एक मुलगा होता. मराठवाड्यातला, आईबाप ऊसतोडीला जाणारे, हा इकडे भोसरीत एका वर्कशॉपमध्ये रात्रपाळी करायचा आणि सकाळी वर्गात यायचा. मागच्या बाकावर कधी कधी डुलक्या घ्यायचा. त्यानं उत्तर लिहिलं सहा-सात ओळींचं. शब्द आज जसेच्या तसे आठवत नाहीत, मतलब पक्का आठवतो. त्यानं लिहिलं होतं, की माझी जन्मतारीख १ जून आहे. ती माझ्या आईनं सांगितलेली नाही, मास्तरांनी लिहिली. आईला महिना आठवत नव्हता, मास्तर म्हणाले एक जून टाकतो. रजिस्टरात मास्तर लिहील ते खरं होतं. हे या बाईला माहीत आहे. म्हणून ती असं म्हणते.

बस, एवढंच.

हसू नका, इथं बसलेल्यांपैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? हात वर करा. बघा. माझाही हात वर आहे. शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून मास्तरांनी वाटलेली ही तारीख, महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस आहे.

आणि मी त्या उत्तराला काय दिलं? दहापैकी तीन. बाजूला लाल शाईनं शेरा: कवितेशी संबंध नाही. मुद्देसूद लिहावे. वर त्याच्या दोन शब्दांखाली रेघा मारल्या, कारण त्यानं 'लिवलं' असं लिहिलं होतं. कवितेत 'लिवा' आलं की भाषिक वैशिष्ट्य, आणि मुलाच्या उत्तरपत्रिकेत 'लिवलं' आलं की चूक!

मला माझी चूक कळायला बरीच वर्षं गेली. निवृत्तीनंतर एकदा जुने कागद चाळताना वर्गासाठी काढलेली टिपणं सापडली आणि तो मुलगा आठवला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की त्या वर्गात कविता वाचली होती ती त्यानंच. बाकी सगळे, मीसुद्धा, बाईच्या दुःखाकडे बघत बसलो होतो. या पोरानं रजिस्टरकडे बघितलं. लेखणी कुणाच्या हातात आहे तिकडे बघितलं. ती बाई केविलवाणी याचना करत नाहीये. कागदावरचं खरं कसं तयार होतं हे तिला पुरतं ठाऊक आहे. हे एकदा लक्षात आलं की कविता दुःखाची राहत नाही, ती मास्तराची परीक्षा होते. आणि मास्तरच्या जागेवर कोण बसलंय? वाचणारा बसलाय. चाचणी तपासणारा मी बसलो होतो. नोंद करायची लेखणी माझ्या हातात होती आणि मी लिहिलं, संबंध नाही.

आता कुणी म्हणेल, सर, मग काय, ज्यानं त्यानं आपली कहाणी लिहावी आणि तिला रसग्रहण म्हणावं? नाही. ही दुसरी चूक, आणि आजकाल ती पहिलीइतकीच फोफावली आहे. 'मला असं वाटलं', 'मला भावलं', 'मी रिलेट करू शकलो'. वाटलं ना? मग संपलं, पुढे प्रश्नच नाही.

इमान्युएल कांटनं १७९० साली यावर एक भेद करून ठेवलाय. मराठीत तो नीट समजून घ्यायचा तर रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'कडे जावं, ते पुस्तक १९७४चं. मी आपल्या पद्धतीनं सांगतो. मला मिसळ झणझणीत आवडते, तुम्हाला मध्यम. यावर आपलं भांडण होत नाही, कारण दोघंही आपापल्या जिभेबद्दल बोलतोय. पण मी म्हटलं, ही कविता सुंदर आहे, तर मी फक्त माझ्याबद्दल बोलत नाही. तुम्हीही मान्य करावं अशी माझी अपेक्षा त्यात असते. गणितासारखं सिद्ध करून मी ते तुमच्या गळी उतरवू शकत नाही. पण तुम्ही 'नाही पटत' म्हणालात तर मला गप्प बसता येत नाही. मला परत कवितेकडे जावं लागतं आणि म्हणावं लागतं, हे बघा, इथं बघा.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. बोट ठेवा. आपल्याकडे बोट ठेवणं म्हणजे दोष काढणं. मी शब्दशः म्हणतोय. जे काही तुम्हाला वाटलं ते कवितेतल्या कुठल्या शब्दामुळे वाटलं, त्या शब्दावर बोट ठेवा. त्या मुलाची १ जूनची आठवण हा दरवाजा होता. दरवाजातून तो आत गेला का? गेला. 'तुमचंच' आणि 'लिवा' या दोन शब्दांवर बोट ठेवून त्याचं म्हणणं सिद्ध करता येतं. त्यानं स्वतः ते ठेवलं नव्हतं, हे खरं. पण ते ठेवायला शिकवणं हेच तर माझं काम होतं, आणि मी शेरा मारून मोकळा झालो.

ही कसोटी दुसऱ्या बाजूनंही चालते. मध्यंतरी एका चर्चेत एक तरुण म्हणाला, सर, आता ही कविता जुनी झाली. राज्य शासनानं निर्णय घेतलाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव. बाईची अडचण सुटली. निर्णय चांगलाच आहे, त्याचं स्वागत. पण बोट ठेवा. बाई 'माझं नाव लिवा' म्हणत नाही. ती मास्तरांचं नाव मागते. तिला रकाना नकोय, तिला माणूस हवाय. ज्या समाजानं या पोराला जन्माला घातलं त्यातल्या एका प्रतिष्ठितानं पुढे यावं आणि हे माझं म्हणावं, असं तिचं मागणं आहे. त्याला शासननिर्णय पुरत नाही. तो तरुण थोडा वेळ विचार करून म्हणाला, "हो, हे माझ्या लक्षात नव्हतं आलं." माझा अधिकार त्यानं मानला नाही, त्या शब्दाचा मानला. मला फार बरं वाटलं.

हे दुखणं आपल्याकडेच आहे असंही नाही. आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकानं केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कविता दिल्या, कवीचं नाव न देता. आणि त्यांनी काय लिहिलं ते गोळा करून १९२९ साली पुस्तक काढलं, 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'. तेरा कविता होत्या. नाव झाकल्याबरोबर चांगल्या चांगल्यांची दांडी गुल झाली. साधा अर्थ चुकला, ठरावीक भावना ठरावीक जागी उमटल्या, मानल्या गेलेल्या कवींना मोडीत काढलं गेलं. ती केंब्रिजची मुलं होती, तेव्हा आपल्या मुलांना कमी समजायचं कारण नाही. सवय नसली की कुणालाही जमत नाही.

आणि सवयीनं जमतं, हे आपल्याच परंपरेत सांगितलंय. अभिनवगुप्तानं हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये बसून 'सहृदय' कोण हे सांगितलं, तेव्हा काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालाय तो, असं सांगितलं. अभ्यासानं, हा शब्द महत्त्वाचा. सहृदय आईच्या पोटातून येत नाही. घासून-पुसून होतो. म्हणजे वर्गाला काम आहे, मास्तराला काम आहे.

मग मुलं स्वतःचं का लिहीत नाहीत? मला वाटतं, मुख्य कारण भीती हे आहे. हा पिंपरी-चिंचवडचा पट्टा बघा. लातूर, बीड, नांदेड, खानदेश, विदर्भ, कुठून कुठून लोक इथं आले. घराघरांत वेगळी मराठी आहे. पोरगं पहिलीत जातं आणि पहिल्या दिवसापासून ऐकतं, असं नाही म्हणायचं, असं म्हण. बारा-तेरा वर्षं हे ऐकल्यावर त्याच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते, की माझे शब्द चुकीचे आहेत. मग एक दिवस आपण त्याला म्हणतो, तुझ्या शब्दांत लिही. कुठले शब्द? ते तर आपण खोडून टाकले! तो गाईडचे शब्द उचलतो, कारण त्यांच्याखाली कुणी लाल रेघ मारत नाही. आपण त्याला कॉपी म्हणतो. त्याच्या दृष्टीनं तो सुरक्षित निवारा आहे.

प्रमाणभाषा शिकवू नका असं मी म्हणत नाही. शिकवलीच पाहिजे, नोकरीला लागते, कोर्टात लागते. पण क्रम महत्त्वाचा. आधी म्हणणं ऐका, मग शुद्धलेखन बघा. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको. पहिल्या खर्ड्यात मुलानं एकच प्रश्न लिहावा, कविता वाचून त्याला पडलेला, खराखुरा. दुसऱ्यात त्या प्रश्नासाठी शब्दांवर बोट ठेवावं. शेजारच्या मुलानं तो वाचावा आणि विचारावं, कशावरून? तिसऱ्या खर्ड्यात प्रमाणभाषा, मांडणी, परिच्छेद. तिन्ही मुद्दे तिथं आपोआप येतात, डबे न मांडता.

काय? हां, मागच्या ताई विचारतायत. जरा मोठ्यानं सांगता? ... "परीक्षेत ठरलेल्या मुद्द्यांप्रमाणे नाही लिहिलं तर माझ्या मुलीचे मार्क जातील, त्याचं काय?"

ताई, प्रश्न योग्य आहे, आणि मार्क जाऊ शकतात. तीन मी स्वतःच दिले होते, तेव्हा खोटं कशाला सांगू? तपासणाऱ्याचीही बाजू आहे. गठ्ठ्यात शे-सव्वाशे पेपर, मुदत आठवड्याची. अशा वेळी ठरलेले मुद्दे म्हणजे वर्कशॉपमधलं गेज. पार्ट बसला की पास, नाही बसला की रिजेक्ट. काम पटापट होतं आणि कुणी तक्रार केली तर उत्तर देता येतं. एवढी गोष्ट गेजच्या बाजूनं बोलते, आणि कच्च्या मुलाला मुद्द्यांचा आधारही वाटतो, हेही मान्य. पण गेज पार्टची जाडी सांगतं, माणसानं काय वाचलं ते सांगत नाही. तेव्हा परीक्षेपुरतं तिला मुद्द्यांत लिहू द्या. फक्त प्रत्येक मुद्द्यात एक वाक्य असं असू द्या, जे दुसऱ्या कुठल्याही कवितेला लागू पडणार नाही. घरी तुम्ही शीर्षकावर तळहात ठेवून तपासा. त्यासाठी तुम्हाला मराठीचं शिक्षक असायची गरज नाही. तीन मुद्द्यांत अशी तीन वाक्यं आली, तर माझ्यासारखा तपासनीससुद्धा कदाचित थबकेल.

सोसायटीतल्या मुलीचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. तिला मी एवढंच सांगितलं, एक वाक्य बदल. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना ती दारात उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, एकच बदललं, पण त्याला रात्रीचे साडेबारा वाजले." मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाली, "उशीर होतोय, आल्यावर दाखवते."

तिचे मार्क अजून लागलेले नाहीत.